दहापैकी सात

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि तोंडावरच म्हणत, कारण त्यांना ते आवडत असे. बावीस वर्षं ते एकाच खुर्चीवर बसून कानात घालायचे इअरफोन ऐकत होते. नवं मॉडेल बाजारात जाण्याआधी त्याचा नमुना कानसेनांच्या टेबलावर यायचा. ते दार लावून घेत, डोळे मिटून ठरलेलं एकच गाणं ऐकत आणि मग दार उघडून एक वाक्य बोलत. "बेस सुटलाय, आवरा." किंवा, "बाई नाकात गातेय, मधलं बघा." सगळं मनासारखं असलं तर नुसतं, "जाऊ द्या." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले की मालाचे खोके भरायला सुरुवात होई. त्यांच्या वाक्यावर अपील नव्हतं.

अलीकडे काही वर्षं मात्र त्यांचं वाक्य बहुतेक वेळा एकच असे. "वरचं कमी आहे, वाढवा." वरचं म्हणजे आवाजाचा वरचा, बारीक भाग. झांजेची किणकिण, तारेवर बोट घासल्याचा आवाज, गाणाऱ्याच्या 'स'ची धार, असलं सगळं. कानसेनांचं म्हणणं होतं की जगातल्या सगळ्या कारखान्यांनी हल्ली वरच्याकडे दुर्लक्ष चालवलंय, पण आपण काही चालवून घेणार नाही.

शेजारच्या खोलीत मोजणीबाई बसत. त्यांच्याकडे एक रबरी कान होता. त्यात इअरफोन बसवून आवाज सोडला की आतला मायक्रोफोन तो ऐके आणि पडद्यावर एक रेघ उमटे. कुठला आवाज किती आहे ते त्या रेघेवरून कळे. कानसेन त्या यंत्राला 'बहिऱ्याचा कान' म्हणत आणि येताजाता त्याची विचारपूस करत. "काय म्हणतंय पेशंट?" मोजणीबाई चौदा वर्षं या विनोदाला हसत होत्या. नोकरीत माणसाला काय काय करावं लागतं.

तर एके दिवशी कानसेनांच्या बायकोने इअरफोन धुतले. मुद्दाम नाही, कपड्याच्या खिशात राहिले आणि मशीनमध्ये फिरून निघाले. ते मेले. ती रोज दुपारी भाजी चिरताना मालिका ऐके, त्यामुळे घरात लगेच दुखवटा पसरला. कारखान्याच्या गोदामातून कानसेनांना एक जोडी सहज मिळाली असती. पण त्यासाठी फॉर्मवर तीन सह्या लागत, आणि तिसरी सही रजेवर होती. म्हणून घरी जाताना ते वाटेतल्या दुकानात शिरले.

दुकान चिंचोळं होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरकायचं. दारावर कारखान्याची पाटी होती, 'अधिकृत विक्रेता'. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होता. कानसेनांनी आपण कोण ते सांगितलं नाही. त्यांनी नवं मॉडेल मागितलं, सीलबंद डबी घेतली आणि घरी आले.

बायकोच्या हातात देण्याआधी त्यांनी सवयीने जोडी आपल्या कानात घातली. एकदा का ती बायकोची झाली की त्यांनी ती घातली नसती. दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात घालायचं नाही, हा त्यांचा नियम होता. ठरलेलं गाणं लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वरचं सगळं गायब होतं. गाण्यावर कुणीतरी जाडजूड रजई टाकली होती.

"खोटा माल आहे," ते म्हणाले.

"बघू," बायको म्हणाली. तिने ते घातले, थोडं ऐकलं. "पहिल्यासारखेच तर आहेत."

"तुला कान नाहीत."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य बायकोला नवं नव्हतं. ती त्याच इअरफोनवर मालिका लावून भाजी चिरायला बसली. कानसेनांना मात्र जेवण गेलं नाही. आपण ऐकून, पारखून सोडलेल्या मालाच्या नावावर कुणीतरी असला माल खपवतंय या विचाराने त्यांचं डोकं भणभणत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाण्याआधी ते दुकानात गेले आणि पाच गिऱ्हाइकांच्या देखत दुकानदाराची खरडपट्टी काढली. "लाज वाटत नाही? आमची पाटी लावून नकली माल विकता?" दुकानदार म्हणाला, "साहेब, माल थेट कारखान्यातून येतो." त्याच्या हातातली डबी थरथरत होती. कानसेनांनी त्याचा अर्थ लगेच लावला. ज्याच्या मनात पाप त्याचेच हात थरथरणार. पाच गिऱ्हाइकांपैकी तीन तिथूनच परत फिरली.

तिथून ते सरळ मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम म्हणजे मोठ्या मालकांची मुलगी. मोठे मालक दोन वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून ती कारखाना बघत होती. लहानपणी ती कानसेनांच्या खोलीत खेळलेली, त्यामुळे अजून त्यांना काका म्हणे. वडिलांनी जाताना तिला सांगितलं होतं, यंत्रावर शंका घे, पण यांच्यावर घेऊ नकोस. तिने घेतली नाही. दुपारी दुकानदाराच्या नावाने पत्र निघालं. मालाचा पुरवठा थांबवण्यात येत आहे, आठ दिवसांत पाटी परत करावी.

तिसऱ्या दिवशी दुकानदार एक फुगलेली पिशवी घेऊन हजर झाला. पिशवीत बिलं होती, खोक्यांवरचे नंबर होते, सह्याशिक्के होते. सगळं जुळत होतं. मॅडमनी दुकानातली जोडी मोजणीबाईंकडे पाठवली. अर्ध्या तासाने मोजणीबाई आल्या आणि दारातच उभं राहून म्हणाल्या, "यंत्राच्या हिशेबाने माल बरोबर आहे."

"यंत्र!" कानसेन म्हणाले. "नकली मालवाले आता हुशार झालेत. रबराच्या कानाला फसवणं काय अवघड आहे? मला फसवून दाखवा म्हणावं."

मोजणीबाई खाली बघत राहिल्या.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, मी सरळ बोलतो. ही पाटी गेली की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा मला चोर म्हणणार. मग दुकान उघडून काय करू? तेव्हा असं करा. साहेबांचे डोळे बांधा. त्यांनी पास केलेला नमुना आणि माझ्या दुकानातली जोडी, यातलं काहीही एक द्या त्यांच्या कानात. असं दहा वेळा. नऊ वेळा त्यांनी बरोबर ओळखलं, तर मी माझ्या हाताने पाटी उतरवतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. नाही ओळखलं, तर पाटी राहील आणि माझं नाव साफ."

आयुष्यभर त्याने हजार गिऱ्हाइकांना इअरफोन विकले होते आणि त्यातल्या एकालाही फरक कळत नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कानसेन त्या हजारांतले नव्हते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"नऊ कशाला?" कानसेन म्हणाले. "दहा ओळखतो."

शनिवारी सकाळी अकराची वेळ ठरली.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला मोजणीबाई कानसेनांच्या दाराशी आल्या. "सर, जरा माझ्या खोलीत येता?" आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. कानसेनांना गंमत वाटली, कारण या मजल्यावर दार लावून घेण्याचा मान आजवर त्यांचा एकट्याचा होता.

"उद्यासाठी दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा मोठा करायचा होता," मोजणीबाई म्हणाल्या. "एक जरा मोठ्याने वाजली तर तीच चांगली वाटते, म्हणून. त्यासाठी सकाळी तुमच्या खणातला नमुना मागून नेला होता ना, तो मी मोजला." पडद्यावर दोन रेघा होत्या. बऱ्याच लांबपर्यंत त्या एकीवर एक होत्या. मग शेवटाकडे एक खाली उतरत गेली आणि दुसरी जिना चढल्यासारखी वर गेली. "ही खालची दुकानातली. ही वरची तुमची."

"मग मी काय घसा फोडून सांगत होतो? खोटा माल."

"ही तिसरी बघा. आज पॅकिंगमधून उचललेली जोडी." तिसरी रेघ दुकानातल्या रेघेवर तंतोतंत बसली.

कानसेनांनी विचार केला. "म्हणजे पॅकिंगमध्येही खोटा माल घुसलाय."

मोजणीबाईंनी आणखी रेघा काढल्या. गोदामातली. मागच्या वर्षीची. मॅडम स्वतः वापरतात ती. एकूण नऊ रेघा झाल्या, आणि त्यांतल्या आठ एकीखाली एक लपल्या. जिना चढणारी एकटी राहिली.

"सर, तुमचा नमुना वेगळा आहे," मोजणीबाई म्हणाल्या. "तो मी बनवते. तुमच्यापुरता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी कानसेनांनी एका मॉडेलचं वरचं तीनदा वाढवायला लावलं होतं. माल बाजारात गेला आणि खोक्यांनी परत आला. कानात टोचतं, डोकं दुखतं, मुलं रडतात. मोठ्या मालकांनी तक्रारी दाबून टाकल्या आणि मोजणीबाईंना बोलावलं. म्हणाले, या माणसाने आपला कारखाना उभा केलाय, त्याला दुखवायचं नाही, तुम्ही काय ते बघा. तेव्हापासून मोजणीबाई बघत होत्या. इअरफोनच्या तोंडाशी, आत, टाचणीच्या माथ्याएवढी एक जाळी असते. ती पातळ घातली की वरचं वाढतं. कानसेन "वाढवा" म्हणाले की त्या चिमटा आणि भिंग घेऊन त्यांच्या एकट्याच्या नमुन्यातली जाळी बदलत. कानसेन ऐकत, खूश होत, "जाऊ द्या" म्हणत. आणि माल आधी होता तसाच जाई.

"आणि बेस?" कानसेनांनी विचारलं. "मधलं?"

"ते तुमचं अजून बरोबर असतं, सर. ते तुम्ही सांगता तसंच करतो. वरचं तेवढं..."

"माझ्या कानाला काहीही झालेलं नाही."

मोजणीबाईंनी टेबलावरच्या छोट्या स्पीकरकडे हात नेला आणि एक बटण फिरवलं. "ऐकू येतंय?"

"आधी सुरू तर करा."

त्यांनी बटण आणखी फिरवलं. कानसेन हाताची घडी घालून वाट बघत राहिले. खोलीत शांतता होती. एवढ्यात दार धाडकन उघडून पॅकिंगमधली एक बाई आत आली. तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. "कोण शिट्टी फुंकतंय मघापासून? कळ निघाली डोक्यात! बंद करा ना!" मोजणीबाईंनी बटण मागे फिरवलं. ती बाई "बरं झालं" म्हणाली आणि दार तसंच टाकून निघून गेली.

कानसेन उठले, त्यांनी दार लावलं आणि परत येऊन बसले. ते स्पीकरकडे बघत राहिले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी गुपचूप तुमचा नमुना बदलून ठेवणार होते," मोजणीबाई म्हणाल्या. "पण मग तुम्ही दोन्ही जोड्या खोट्या म्हणाला असता. उद्या तुम्ही दहा वेळा बरोबर ओळखणार, सर. आणि त्या माणसाची पाटी जाणार, काही केलं नसताना. म्हणून सकाळी मी मॅडमना सगळं सांगणार आहे. माझी नोकरी गेली तर गेली. आधी तुम्हाला सांगावं म्हणून बोलावलं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना राग येत होता.

"मॅडमना काही सांगायचं नाही," कानसेन म्हणाले. "मी बघतो."

काय बघणार ते त्यांना माहीत नव्हतं. घरी जाताना त्यांना आधी मोजणीबाईंचा राग आला. मग मेलेल्या मालकांचा आला. सहा वर्षं आपण दार लावून, डोळे मिटून, गंभीर चेहऱ्याने "जाऊ द्या" म्हणत होतो आणि लहान मुलाच्या हातात बिनचावीच्या गाडीचं स्टिअरिंग द्यावं तसा आपला खेळ चालू होता. त्यांना लाज वाटली. इतकी की रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर, म्हणून ते पलीकडच्या बाजूने चालले. आणि त्या लाजेत सारखे दुकानदाराचे थरथरणारे हात दिसत होते. तो माणूस घाबरला होता, एवढाच त्या हातांचा अर्थ होता.

बायको ओट्याशी होती. कानात तेच इअरफोन.

"मी घरात मोठ्याने बोलतो का?" त्यांनी विचारलं.

तिने एक बाजू काढली. "पाच-सहा वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस कधी?"

"बोलले की. गेल्या तापात पाऊण तास तोंडात थर्मामीटर धरून बसला होतात. वाजला, वाजला म्हणून मी ओरडत होते. तुम्ही म्हणालात, बिघडलाय." ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. "काय झालं?"

"काही नाही. तुझा फोन नंबर काय आहे?"

"माझा?"

"पाठ नाही. मोबाइलमध्ये नावावर आहे. सांग ना."

तिने संशयाने दहा आकडे सांगितले. कानसेनांनी ते पाठ करायला घेतले.

त्यांचं गणित असं होतं. उद्या हरायला पाहिजे. पण हरायचं म्हणजे दहाही वेळा चुकायचं नव्हे. दहाही वेळा चुकायला दहाही वेळा ओळखावं लागतं, आणि मोजणीबाई सोडाच, मॅडमच्याही ते ध्यानात आलं असतं. ज्याला खरोखर काही कळत नाही तो निम्म्या वेळा बरोबर येतो. पण निम्मं ठरवून चुकायला गेलं तर ऐन वेळी कान मध्ये बोलणार आणि तोंड त्याचं ऐकणार, हे ते स्वतःला ओळखून होते. म्हणून आकडे. विषम आकडा आला की 'दुकान', सम आला की 'कारखाना'. कानात काहीही वाजो.

शनिवारी अकरा वाजता मीटिंगच्या खोलीत त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. मॅडम कपाटाचं दार उघडून त्याच्या आड उभ्या राहिल्या. त्यांनी नाणं उडवायचं, त्याप्रमाणे जोडी निवडून कानसेनांच्या हातात द्यायची, गाणं लावायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. मोजणीबाई भिंतीशी. दुकानदार खुर्चीत, हात मांड्यांखाली दाबून.

पहिली जोडी कानात गेली. तो त्यांचा नमुना होता. तीन सेकंदांत कळलं, खरं तर एकातच. आकडा होता नऊ.

"पुन्हा लावा," कानसेन म्हणाले. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, "दुकान."

बावीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही चुकीचं वाक्य उच्चारलं नव्हतं. चुकून उच्चारली होती ती वेगळी. हे पहिलं. दुसऱ्या वेळी आकडा आणि कान जुळले आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते फारच ठणकावून उत्तर देऊन बसले. तिसऱ्या वेळी त्यांनी आवाज मुद्दाम पाडला. चौथ्या वेळी आकडाच आठवेना. शून्य की सात? ते घाम पुसत बसले आणि मॅडम म्हणाल्या, "काका, सावकाश." शून्य होता. शून्य समच म्हणायचा. पुढे पुढे ते ऐकायचंच नाही असं ठरवून दुसऱ्या गोष्टींचा विचार करू लागले, पण कान कुठला ऐकतोय. गाणं सुरू झालं की तो आपला निकाल सांगून मोकळा होई, आणि कानसेन त्याला गप्प करून बायकोचा नंबर म्हणत.

दहावं उत्तर देऊन त्यांनी टॉवेल सोडला. मॅडम कागदावर खुणा मोजत होत्या. दोनदा मोजल्या.

"सात," त्या म्हणाल्या.

कानसेनांना खरं वाटेना. सात? आयुष्यात पहिल्यांदा हरायला बसलो तर नशीब जिंकवायला निघालं. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला होता. "सात म्हणजे... पुष्कळ की थोडे?" त्याने विचारलं.

मॅडमनी मोजणीबाईंकडे बघितलं. मोजणीबाईंनी कानसेनांकडे बघितलं, एक क्षणच, आणि बाईंना काय चाललंय ते कळलं. त्या घसा साफ करून म्हणाल्या, "नऊ ठरलं होतं. सात नुसत्या अंदाजाने येऊ शकतात. सहा माणसांना काहीही न ऐकवता विचारलं तरी त्यातल्या एकाचे येतील."

"पण थोडे नाहीत ते!" मॅडम म्हणाल्या. त्यांना काकांना सोडायचं नव्हतं. "काकांची तब्येत ठीक दिसत नाही. घाम बघा किती आलाय. सोमवारी पुन्हा घेऊ. वीस वेळा घेऊ. काका, तुम्ही ओळखाल, मला माहितेय."

दुकानदार उठून उभा राहिला होता. हात मांड्यांखालून निघाले होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

कानसेन टॉवेलची घडी घालत होते. चार पदरी घडी घालून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "वीस वेळा घ्या की शंभर वेळा घ्या. मी अंदाजाने सांगत होतो. मला फरक कळला नाही."

"काका..."

"कान गेलाय माझा. वरचं ऐकू येत नाही. किती वर्षं झाली ते मलाच ठाऊक नव्हतं. माल खरा आहे आणि हा माणूसही खरा आहे." मग ते दुकानदाराकडे वळले. "तुमच्या गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोललो. सोमवारी येतो आणि त्यांच्यासमोरच माफी मागतो."

"ती गिऱ्हाइकं काय रोज येतात का, साहेब," दुकानदार म्हणाला. त्याने पिशवी छातीशी धरली होती. "या तुम्ही चहाला." एवढं म्हणून त्याला रडू फुटलं, आणि भर मीटिंगमध्ये रडल्याबद्दल तो सगळ्यांची क्षमा मागू लागला.

तो गेल्यावर मॅडम त्या कागदाकडे बघत होत्या. "बाबा म्हणायचे, तुमच्यावर शंका घ्यायची नाही."

"तुझे बाबा मला फार सांभाळून घ्यायचे," कानसेन म्हणाले. "आता ते पुरे. यापुढे वरचं मोजणीबाई बघतील. बेस आणि मधलं विचारलंत तर सांगेन. विचारलं नाहीत तर रागावणार नाही." शेवटचं वाक्य खरं होतं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

दुपारी त्यांनी आपल्या खणातला नमुना काढला आणि शेजारच्या खोलीत जाऊन मोजणीबाईंच्या टेबलावर ठेवला. "जाळी बदला. सगळ्यांची असते ती घाला."

मोजणीबाईंनी भिंग ओढलं, चिमट्याने पातळ जाळी काढली आणि दुसरी बसवली. कानसेनांना मोजणीबाईंवर रागवायचं होतं, आभारही मानायचे होते, आणि दोन्ही एकाच वेळी करता येईना म्हणून ते गप्प होते.

"तुम्हीही एक जोडी घाला," शेवटी ते म्हणाले. "एकाच वेळी ऐकू. मला जे येत नाही ते सांगा."

मोजणीबाईंनी दुसरी जोडी जोडली आणि गाणं लावलं. तेच ठरलेलं गाणं. बेस आला, तो छान होता. बाई गाऊ लागली, तीही छान होती. वरचं कानसेनांना काहीच ऐकू येत नव्हतं, नुसती रजई. मोजणीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "आता मागे खुळखुळा सुरू झाला," त्या म्हणाल्या. "अगदी बारीक. डाव्या बाजूला."

कानसेनांनी मान हलवली. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर हलू लागलं. आधी सरळ चालीत, मग एका ठिकाणी दुप्पट, मग थांबून पुन्हा. मोजणीबाईंनी डोळे उघडले आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. खुळखुळा जिथे थांबला तिथे बोट थांबलं. जिथे एक ठोका चुकवून आत आला तिथे बोटही तसंच आलं. एकदाही पुढेमागे झालं नाही.

"सर! येतंय तुम्हाला ऐकू?"

"नाही," कानसेन म्हणाले. "पाठ आहे."